लिफ्ट उचलते पण धरत नाही: जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक स्वतः तपासताना

नांगर उचलून ट्रॅक्टर बांधाला उभा केला, इंजिन बंद केलं, आणि भाकरी खाऊन परत येईपर्यंत फाळ जमिनीला टेकलेले असतात. किंवा रोटाव्हेटर घेऊन रस्त्याने जाताना तो हळूहळू खाली येतो, झटका मारून वर जातो, पुन्हा खाली येतो. वापरून वापरून जुन्या झालेल्या ट्रॅक्टरला ही तक्रार आज ना उद्या येतेच. त्यावर सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘पंप गेलाय, नवा टाका’. नवीन माणूस घाबरतो, पैसे उभे करतो, पंप बदलतो, आणि लिफ्ट तशीच बसत राहते.

म्हणून सुरुवातीलाच दोन तक्रारी वेगळ्या करू. लिफ्ट उचलतच नाही किंवा फार सावकाश उचलते, ही एक तक्रार. तिथे पंप, चाळणी, तेलाची पातळी, पंपाला होणारा तेलाचा पुरवठा हे सगळं बघावं लागतं. लिफ्ट झटकन उचलते पण वर टिकत नाही, ही दुसरी तक्रार, आणि हा लेख तिच्यापुरताच आहे. विहिरीतल्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर बंद केल्यावर पाइप रिकामा होतो. त्यासाठी कोणी मोटर बदलत नाही. इथेही तसंच. उचलणं पंपाचं काम आहे, धरून ठेवणं सील आणि व्हॉल्व्ह यांचं.

आत काय घडतं

ट्रॅक्टरच्या लिफ्टचा सिलिंडर एकाच बाजूने काम करतो. पंपाने ढकललेलं तेल सिलिंडरमध्ये शिरतं, पिस्टन सरकतो, पिस्टनचा दांडा लिफ्टच्या आडव्या शाफ्टला फिरवतो आणि दोन्ही आर्म वर जातात. खाली येताना तेलाचा जोर लागत नाही. लिव्हर खाली केला की व्हॉल्व्ह वाट मोकळी करतो आणि अवजाराच्या वजनाने तेल परत घरंगळतं. याचा अर्थ असा की अवजार वर उभं असतं तेव्हा थोडं तेल एका बंद जागेत कोंडलेलं असतं. एका टोकाला पिस्टन, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्ह, मध्ये एखादी नळी आणि काही जोड. या कोंडलेल्या तेलाला बाहेर पडायला जिथे फट मिळते तिथून ते निसटतं आणि अवजार बसतं. सगळी दुरुस्ती म्हणजे ती फट शोधणं.

इंजिन चालू असताना झटके का बसतात, तेही यातच आलं. अवजार थोडं खाली सरकलं की आतली दांड्यांची जोडणी व्हॉल्व्हला कळवते, पंप पुन्हा तेल भरतो, अवजार वर येतं. गळती जितकी मोठी तितके झटके लवकर लवकर. उलट बोलायचं तर झटका मारून अवजार परत वर जातंय म्हणजे पंपात अजून दम आहे.

आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिलं मॅसी फर्ग्युसनचं. हॅरी फर्ग्युसनने तीन दांड्यांची जोडणी आणि तिला जोडलेली हायड्रोलिक लिफ्ट १९३६ साली फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर बाजारात आणली. १९६० साली चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, मॅसीचे ट्रॅक्टर बनवणारी टाफे कंपनी सुरू झाली आणि तो वारसा भारतात आला. आपल्या गावोगावी दिसणारा १०३५ त्याच वंशातला. यात पंप गिअरच्या घरातच तेलात बुडालेला असतो, चार पिस्टनांचा असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरता जोर देणाऱ्या, शाफ्टवर चालतो. म्हणून पीटीओचा लिव्हर न टाकता लिफ्ट उचलत नाही. तेल अडवणारा-सोडणारा कंट्रोल व्हॉल्व्हही पंपाच्या पोटातच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं घराणं गिअर पंपाचं. महिंद्रा, स्वराज, एचएमटी वगैरे ट्रॅक्टरांत पंप साधारणपणे इंजिनकडून फिरतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हचा वेगळा ठोकळा लिफ्टच्या घराला बोल्टांनी बसवलेला असतो. मिस्त्री त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. इथे कोंडलेलं तेल पंपाकडे उलटं जाऊ नये म्हणून मध्ये चेक व्हॉल्व्ह असतो. इंजिन बंद असताना लिफ्ट बसत असेल तर या घराण्यात पंपाकडे बोट दाखवायला जागाच नाही.

पाना हातात घेण्याआधी जिवाचं

उचललेल्या अवजाराखाली कधीही जायचं नाही, हात घालायचा नाही, वाकून डोकंही न्यायचं नाही. ज्या ट्रॅक्टरची लिफ्ट बसते हे आपल्याला माहीत आहे, तिच्याखाली जाणं म्हणजे अपघाताला बोलावणं. ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर उभा करा. न्यूट्रल, पार्किंग ब्रेक, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. काहीही उघडायच्या आधी अवजार पूर्ण खाली टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर दोन-तीनदा वर-खाली करा म्हणजे आत राहिलेला दाब निघून जाईल. चावी खिशात ठेवा. घरातली पोरं हौसेने सीटवर चढतात आणि लिव्हर ओढतात.

दुसरा धोका डोळ्याला दिसत नाही. लिफ्टमध्ये तेलाचा दाब दर चौरस इंचाला दोन हजार पौंडांच्या वर जातो. एवढ्या दाबाने बारीक भोकातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि तेल कातडीत शिरल्याची नुसती शंका जरी आली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि फारशी दुखतही नाही, पण आत मांस खराब होत जातं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया न झाल्याने बोटं गमावल्याची उदाहरणं आहेत.

काम दोघांनी करावं. झाकण उचलायची वेळ आली तर चेन पुली आणि ती टांगायला भक्कम आधार हवा. गोठ्याचा जुना वासा चालणार नाही.

आधी न उघडता काय काय तपासता येतं

पहिलं, लिव्हर स्वतःच घसरतोय का ते बघा. लिव्हर जागेवर थोपवून धरणाऱ्या चकत्या झिजल्या की इंजिनच्या थरथरीने लिव्हर सावकाश खाली येतो, आणि लिफ्ट बिचारी त्याचं ऐकून खाली येते. लिव्हरच्या कडेला खडूने रेघ मारा, अवजार उचला, दहा मिनिटांनी रेघ जुळते का पाहा. जुळत नसेल तर लिव्हरच्या बुडाचा नट थोडा आवळा किंवा चकत्या बदला. इतक्यावर काम झालं तर हायड्रोलिकला हात लावायची गरजच नाही.

दुसरं, कोणता लिव्हर वापरताय? दोन लिव्हरांचे ट्रॅक्टर नवीन माणसाला गोंधळात टाकतात. ड्राफ्टचा लिव्हर जमिनीच्या ओढीप्रमाणे अवजार वर-खाली करतो. नांगरताना तेच हवं असतं. पण रोटाव्हेटर, फवारणी पंप किंवा नुसतं उभं अवजार ड्राफ्टवर ठेवलं तर ते हलणारच. तपासणी करताना पोझिशन लिव्हरवरच करा, म्हणजे अवजार ठरल्या उंचीवर धरणाऱ्या दुसऱ्या लिव्हरवर.

तिसरं, तेल. अवजार खाली टेकवून, ट्रॅक्टर सपाटीवर असताना डिपस्टिक बघा. पातळीबरोबर रंगही बघा. तेल दुधी किंवा चहासारखं दिसत असेल तर पाणी गेलंय. पावसाळाभर उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरला गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पाणी जातं. मावळात, कोकणात, भंडारा-गोंदियाकडे भाताची चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरला पीटीओ शाफ्टच्या सीलमधूनही चिखलपाणी जातं. पाणी गेलेल्या तेलाने व्हॉल्व्हच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंज धरतो आणि मग नवीन सीलही टिकत नाही. अशा वेळी आधी पाणी शिरायची वाट बंद करा, तेल बदला, मग पुढचं. तेल कोणतं हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. लिफ्ट, गिअर आणि मागचा धुरा यांचं तेल एकच असलेल्या ट्रॅक्टरात, नुसतं स्वस्त मिळतं म्हणून जाड गिअर ऑइल ओतू नका. थंडीत पंपाला ते ओढवत नाही, आणि तेलात चालणारे ब्रेक असतील तर त्यांचंही नुकसान होतं.

चौथं, बाहेर काढलेली नळी. आपल्याकडे टिपिंग ट्रॉलीसाठी किंवा हायड्रोलिक पलटी नांगरासाठी मागे जादा नळी काढलेली असतेच, पुष्कळदा बाजारातून नंतर बसवलेली. तिचा कॉक किंवा व्हॉल्व्ह आतल्या आत गळत असेल तर लिफ्ट बसते आणि बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. दाब काढून ती फाटी सुटी करा, मूळ भोक योग्य आट्यांच्या प्लगने बंद करा आणि पुन्हा तपासा. हा अर्ध्या तासाचा खटाटोप पुष्कळांचा मोठा खर्च वाचवतो, म्हणून तो वगळू नका.

बसण्याचा वेग मोजा

‘लवकर बसते’ हे वर्णन कामाचं नाही. टेप घ्या. नेहमीचंच अवजार लावा, प्रत्येक तपासणीला तेच. अर्धा तास काम करून तेल गरम होऊ द्या, कारण गरम तेल पातळ होतं आणि बारीक फटीतूनही निसटतं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी जी लिफ्ट बसते ती पौषात पहाटे बसेलच असं नाही. अवजार पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा, एका बाजूला उभं राहून खालच्या दांड्याच्या पिनेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि वहीत लिहा.

जुन्या ट्रॅक्टरचं अवजार रात्रभर उभं राहून सकाळी खाली आलं तर त्यात दुरुस्तीसारखं काही नाही. तसंही अवजार खाली टेकवूनच ट्रॅक्टर सोडायचा असतो. तासाभरात वीतभर आलं तरी हंगाम निघून जाईल. पाच-दहा मिनिटांत जमिनीला टेकत असेल, किंवा इंजिन चालू असताना मिनिटाला चार-पाच झटके बसत असतील, तर मात्र उघडायलाच हवं. त्या झटक्यांनी पंप, पीटीओ शाफ्ट आणि लिफ्टचे दांडे सगळ्यांवर फुकट भार पडत राहतो.

आणखी एक बघा. अवजार पूर्ण वरून बसायला लागतं आणि अर्ध्यावर येऊन थांबतं का? किंवा ठराविक उंचीवरच बसतं का? तसं असेल तर सिलिंडरच्या त्या भागात ओरखडा किंवा झीज असण्याची शक्यता मोठी. सगळ्या उंचींवर सारखंच बसत असेल तर सील, जोड किंवा व्हॉल्व्ह.

गिअर पंपाच्या ट्रॅक्टरात गळती कोणत्या बाजूला?

पुष्कळ ट्रॅक्टरांना सीटच्या पुढे किंवा खाली एक फिरकी असते. तिने लिफ्ट खाली येण्याचा वेग कमी-जास्त करतात. पूर्ण बंद केली की सिलिंडरकडून येणारी तेलाची वाट अडते. तपासणीला यासारखं दुसरं साधन नाही. अवजार उचला, इंजिन बंद करा, फिरकी पूर्ण बंद करा, मोजा.

बसणं थांबलं, तर सिलिंडर चांगला आहे. गळती फिरकीच्या पलीकडे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये. तसंच बसत राहिलं, तर गळती सिलिंडरच्या बाजूला: पिस्टनचं सील, सिलिंडरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, किंवा सिलिंडर आणि घर यांच्या मधली ओ-रिंग (रबराची गोल कडी).

डिस्ट्रिब्युटर सुटा करणं अवघड नाही, पण त्याच्या आतला स्पूल (तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा सरकता दांडा) आणि त्याचं भोक यांची जोडी कारखान्यात एकमेकांना घासून बसवलेली असते. नवीन माणसाने तो ठोकळा काढावा, त्याच्या मागच्या ओ-रिंगा बदलाव्यात, चेक व्हॉल्व्हचा प्लग खोलून गोळी आणि तिची बैठक बघावी. गोळीखाली धातूचा कण अडकलेला सापडला तर डिझेलने धुऊन परत बसवा, एवढ्यावर काम होऊन जातं. बैठकीला खड्डा पडला असेल किंवा स्पूल बोटांत खुळखुळत असेल, तर ठोकळा हायड्रोलिकचं काम करणाऱ्याकडे न्या. स्पूलला पॉलिश पेपर कधीही लावू नका. घासून फट वाढते, कमी होत नाही.

मॅसीत गळती डोळ्यांनी बघता येते

इथे कारागिराला खरी सोय करून ठेवली आहे. मागच्या घराच्या उजव्या बाजूला, डिपस्टिक असते तिथेच एक झाकण आहे. ते काढलं की बॅटरीच्या उजेडात सिलिंडर, पंपाकडून वर जाणारी उभी नळी आणि खाली पंप दिसतो.

आधी खालच्या प्लगमधून तेल थोडं काढा, म्हणजे झाकण उघडताना ते अंगावर येणार नाही. या घरात एकूण तेल तीस लिटरच्या घरात असतं, त्यामुळे स्वच्छ पिंप किंवा कॅन तयार ठेवा. तेल चांगलं असेल तर गाळून परत वापरता येईल. थोडं तेल काढल्यावर पंपाला पुरेल इतकं उरलंय ना याची खात्री करा आणि झाकण लावलेलं असतानाच अवजार उचला. अवजाराच्या खाली भक्कम ठोकळे बाजूने काठीने ढकलून लावा, हात खाली घालू नका; मात्र दोन-तीन इंच मोकळी जागा सोडा. वजन लिफ्टवर राहिलं पाहिजे, नाहीतर दाब नसल्याने काहीच गळणार नाही. आणि लिफ्ट अचानक सुटली तर अवजार दोन इंचांवर अडलं पाहिजे. आता इंजिन बंद करा, चावी काढा, मग झाकण खोला. अवजार वर ठेवून काही उघडायची ही एकच वेळ. आत पीटीओचा शाफ्ट आहे, त्यामुळे झाकण उघडं असताना इंजिन चालू करायचं नाही, हात किंवा सैल बाही आत घालायची नाही. बॅटरी मारा आणि नुसतं बघा.

सिलिंडरच्या उघड्या तोंडातून, पिस्टनच्या कडेने तेल ओघळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा ओ-रिंग संपली. उभ्या नळीच्या वरच्या किंवा खालच्या टोकातून तेल फवारतंय, म्हणजे नळीच्या ओ-रिंगा गेल्या. सेफ्टी व्हॉल्व्हमधून धार लागली असेल तर त्याची बैठक किंवा स्प्रिंग. वर सगळं कोरडं असूनही अवजार बसतंय आणि खाली पंपाजवळ तेलात उकळी आल्यासारखी खळबळ दिसतेय, तर गळती कंट्रोल व्हॉल्व्हमधून किंवा पंपाच्या व्हॉल्व्हमधून. फक्त या शेवटच्या निकालात पंप बाहेर काढायचं कारण आहे. तेव्हाही अख्खा पंप नवा लागतोच असं नाही. कंट्रोल व्हॉल्व्हच्या भोवतीच्या सीलिंग चकत्या आणि त्यांच्या ओ-रिंगा वेगळ्या मिळतात. ते काम मात्र पहिल्यांदा जाणत्या मिस्त्रीबरोबर बसूनच करा, कारण पंप काढायचा तर ट्रॅक्टरचं मागचं अंग बरंच खोलावं लागतं.

चारही ठिकाणं बघितल्याशिवाय झाकण लावू नका. एका ठिकाणी गळती सापडली की माणूस तिथेच थांबतो, आणि दुसरी राहून जाते.

उभ्या नळीच्या ओ-रिंगा

मॅसीच्या दुरुस्तीत सगळ्यात आधी करून बघावं असं हे काम, कारण त्यासाठी लिफ्टचं मोठं झाकण उचलावं लागत नाही. अवजार खाली, दाब शून्य. सीटजवळ, झाकणाच्या वरच्या बाजूला बोल्टांनी बसवलेली एक छोटी टोपी आहे. ट्रॉलीची नळीही तिथूनच काढलेली असते. तिच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलने साफ करा. वर्षानुवर्षांची माती-तेलाची पुटं तिथे बसलेली असतात आणि टोपी काढताच ती आत पडतात. टोपी काढली की नळी वर ओढून घेता येते. अडकली असेल तर पक्कडने चेपू नका, थोडं फिरवत काढा.

जुन्या ओ-रिंगा चपट्या, कडक झालेल्या दिसतील. मापासाठी त्या दुकानात नेऊ नका, कारण तेलात फुगून आणि दबून त्यांचं मूळ माप उरलेलं नसतं. मॉडेल आणि पार्ट नंबर सांगून घ्या, आणि तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराच्याच घ्या. नळीची टोकं आणि ज्या भोकात ती बसते त्या भोकाची कड बोटाने चाचपून बघा. तिथे धारदार कंगोरा असेल तर नवीन ओ-रिंग बसवतानाच कापली जाते. कंगोरा बारीक पॉलिश पेपरने हलकेच मोडा आणि पुसून घ्या. रिंगांना स्वच्छ तेल लावा, पीळ न पडता खाचेत बसवा, नळी सरळ दाबा. टोपीचे बोल्ट आलटून-पालटून आवळा.

आता बसण्याचा वेग पुन्हा मोजा. निम्म्यावर आला तरी तुमचा रस्ता बरोबर आहे.

सिलिंडर उघडायची वेळ आली तर

हे दिवसभराचं काम आहे. सुगीच्या तोंडावर, उद्या पेरणी आहे म्हणून रात्री उघडू नका. क्रम असा: सीट आणि तिचे ब्रॅकेट काढा. लिफ्ट रॉड (आर्मपासून खालच्या दांड्यांना जाणारे उभे दांडे) आर्मपासून सोडवा, टॉप लिंक (वरचा मधला दांडा) काढा. मॅसीत वरची टोपी आणि उभी नळी आधी काढायची. ती तशीच ठेवून झाकण उचललं तर नळी वाकते. झाकणाभोवतीचे सगळे बोल्ट काढा आणि कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यात खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. जोडताना ज्याची आठवण होत नाही ते फोटोत असतं.

झाकण चेन पुलीने सरळ वर उचला. त्याच्या पोटाला लिव्हरांचे दांडे लटकलेले असतात; तिरपं उचललं तर ते वाकतात, आणि वाकलेल्या दांड्यांनी लिफ्टची उंची आणि ड्राफ्ट दोन्ही बिघडतं. झाकण लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवा. सिलिंडर त्याच्या खालच्या अंगाला बोल्टांनी बसवलेला दिसेल. तो सुटा करा आणि पिस्टन लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत बाहेर काढा. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन काढायची पद्धत गॅरेजमध्ये दिसते, पण पिस्टन गोळीसारखा सुटतो. ती पद्धत आपण वापरायची नाही.

सिलिंडर डिझेलने धुऊन उन्हात धरा. आतून बोटाचं नख फिरवा. नख अडलं नाही, नुसता डाग दिसतो, तर सिलिंडर ठीक. हलक्या उभ्या रेघा असतील तर लेथवाल्याकडून हलकं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासून गुळगुळीत, करून घ्या. नख स्पष्ट अडत असेल किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवं सील थोड्याच दिवसांत फाटेल. सिलिंडर-पिस्टनची जोडी बदलणंच स्वस्त पडतं. पिस्टनवर मॉडेलप्रमाणे लोखंडी रिंगा असतात किंवा ओ-रिंग आणि तिच्या शेजारी बॅकअप रिंग. बॅकअप रिंग एकच असेल तर ती दाबाच्या उलट्या बाजूला बसते, म्हणजे तेल ज्या बाजूने ढकलतं त्याच्या पलीकडे. ओ-रिंगेला फटीत घुसण्यापासून तीच अडवते. उलटी बसवली तर ओ-रिंग लवकरच कुरतडली जाते आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं, म्हणून इथे घाई नको. लोखंडी रिंगा असतील तर त्यांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

सिलिंडरमध्ये पिस्टन घालताना भरपूर स्वच्छ तेल लावा आणि हाताने दाबा. कडेला ओ-रिंग पिंजली जातेय असं वाटलं तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा घाला. सिलिंडर उतरवलाच आहे तर त्याच्या आणि झाकणाच्या मधली ओ-रिंग किंवा गॅस्केटही बदला, जुनी परत लावू नका.

जोडणी आणि तेल भरणं

खालच्या घराचा आणि झाकणाचा पृष्ठभाग जुन्या गॅस्केटचा कणही न ठेवता साफ करा, पण खरवडताना घराचं तोंड स्वच्छ फडक्याने झाकून घ्या. पुसायला सुत सुटणारं कॉटन वेस्ट वापरू नका. एक सुत व्हॉल्व्हमध्ये अडकलं की नवी तक्रार उभी राहते. गॅस्केटला शेलॅक (गॅस्केट चिकटवायचा डिंक) पातळ थराने लावा. जाड थर लावला की आतल्या बाजूला त्याचे थेंब सुटतात आणि चाळणीत जाऊन बसतात. चाळणी या निमित्ताने काढून धुऊन घ्या.

मॅसीचं झाकण बसवताना बाजूच्या झाकणातून बघत राहा. वरून येणाऱ्या लिव्हरचं टोक पंपाच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या जोडणीत नेमकं बसलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर लिफ्ट एकतर वर जाऊन खालीच येत नाही किंवा मुळीच उचलत नाही. खात्री झाल्यावरच बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा.

तेल गाळून किंवा नवं भरा. इंजिन मंद ठेवा, पीटीओ टाका, अवजार न लावता लिफ्ट सात-आठ वेळा पूर्ण वर-खाली करा. आतली हवा निघेपर्यंत थोडा थरथराट होतो, तो थांबला की आर्म खाली असताना पातळी पुन्हा बघा; कमी झालेली असेल, तेवढी भरा. मग तेच अवजार लावा, तेल तापवा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा.

पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर झाकणाचे आणि टोपीचे बोल्ट एकदा पान्याने तपासा, नवीन गॅस्केट दबल्याने ते थोडे सैल पडतात. उरलेलं काळं तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये साठवा आणि जुनं तेल विकत घेणाऱ्याला द्या.